खालची प्लेट

जेवण झालं की काका वरची प्लेट कचऱ्याच्या पिशवीत टाकायचे, खालची पालथी घालायचे आणि विचारायचे, "पेन आहे का कुणाकडे?"

अमेरिकेत आमच्याकडे त्या काळी पार्टीला कागदी प्लेटा आणायची पद्धत होती, आणि त्याही सगळ्यांत स्वस्त. पातळ भाजी वाढली की त्या वाकायच्या, म्हणून जो तो एकाखाली एक अशा दोन धरायचा. वरची खरकटी व्हायची, खालची कोरी राहायची. दुसऱ्या कुणीही ती फेकून दिली असती. काकांनी तिच्यावर आम्हा सगळ्यांच्या आयुष्याचे हिशेब मांडले. माणूस इंजिनिअर, कारखान्यात वीस वर्षं नोकरी, आणि खिशाला कधी पेन नाही. पेन काकू द्यायच्या. काकांनी विचारेपर्यंत त्यांचा हात पर्समध्ये गेलेला असायचा.

तुमच्याही ओळखीत असा एक असेलच. कुणी काही घेतो म्हटलं, शिकतो म्हटलं, की यांचा एकच प्रश्न, "वसूल कधी होणार, ते बोला." एकाला आईला भारतातून सहा महिने इकडे आणायचं होतं. काकांनी तिकीट, विमा, गरम कपडे सगळं मांडून दाखवलं आणि त्या भल्या माणसाने आईला आणलं नाही. दुसऱ्याला दारातला बर्फ उडवायचं यंत्र, स्नो ब्लोअर, घ्यायचं होतं. काका म्हणाले, बारा हिवाळे लागतील वसूल व्हायला, आणि फावडं दहा डॉलरला मिळतं. एका घरातल्या सोळा वर्षांच्या मुलीला फोटोग्राफी शिकायची होती. तिच्यासाठी काकांनी प्लेट पालथी घातली, तेव्हा ती तोंडावर म्हणाली, "अंकल, नोबडी आस्क्ड यू." श्रूजबरीतल्या आम्हा मराठी मंडळींत तेवढं एकच शहाणं माणूस होतं, असं मला आज वाटतं. तेव्हा मात्र मीसुद्धा 'काय बाई ही इथली मुलं' म्हणत मान हलवली होती.

माझी पाळी ब्याऐंशी साली आली.

मी नागपूरची बी. एस्सी. लग्न करून इकडे आले ती आठ वर्षं घरातच होते. दोन मुलं, त्यातली धाकटी न्यूमोनियाने हॉस्पिटलात होती तेव्हा तिथे एक नर्स भेटली. पन्नाशीची, धिप्पाड, बोलायला तुसडी. डॉक्टर दिवसातून एकदा दोन मिनिटं यायचा. मुलीचा श्वास बदललाय हे या बाईला दारातूनच कळायचं. तिने मला मुलीची पाठ कशी थोपटायची ते शिकवलं, माझा हात आपल्या हातात धरून. हिला जे येतं ते आपल्याला यायला हवं, असं मला इतक्या जोरात दुसऱ्या कशाबद्दल कधी वाटलं नव्हतं. मी कॉलेजात अर्ज केला. चार वर्षांच्या नर्सिंगच्या डिग्रीला प्रवेशही मिळाला. शुक्रवारपर्यंत डिपॉझिट भरायचं होतं.

नवरा माझा चांगला माणूस. नाही म्हणाला नाही, हो म्हणाला नाही. म्हणाला, शनिवारी काकांना एकदा विचारू, मग ठरवू. मी त्याला आठवण करून दिली की शुक्रवार शनिवारच्या आधी येतो. तेव्हा त्याने कॉलेजला फोन करून सोमवारपर्यंतची मुदत मागून घेतली. काकांचा कौल घेतल्याशिवाय आमच्याकडे टोस्टरही यायचा नाही, अशी तेव्हा परिस्थिती होती.

शनिवारी आमच्याच बेसमेंटमध्ये सगळे जमले होते. श्रीखंड मी केलं होतं. ते काकांनी दोनदा घेतलं, बोट चाटलं आणि प्लेट पालथी घातली. काकूंनी पेन दिलं. डावीकडे खर्च. फी, पुस्तकं, पांढरा युनिफॉर्म, पांढरे बूट, जुनी का होईना दुसरी गाडी, तिचा विमा. उजवीकडे मिळकत. पेपरातल्या जाहिरातीवरून त्यांनी नर्सचा दर काढून आणला होता, तासाला नऊ डॉलर. तो लिहून त्याला गोल केला. मग त्यातून टॅक्स कापला, आणि तोही नवऱ्याच्या पगारावर चढणारा म्हणून चढ्या दराने. इथवर मला काही म्हणायचं नव्हतं. माणूस आकड्यांत खोटं करत नव्हता.

मग ते पुन्हा डावीकडे गेले. मुलं सांभाळणारी बाई, तासावर. आठवड्यातून पाच संध्याकाळी बाहेरचं जेवण. साफसफाई. इस्त्री. डावी बाजू प्लेटच्या कडेपर्यंत गेली. खाली रेघ मारून त्यांनी सांगितलं, अकरा वर्षं लागतील वसूल व्हायला, त्यापेक्षा कम्प्युटरचा सहा महिन्यांचा कोर्स कर.

"आणि एवढं करून काम काय, तर परक्यांचं हगणं-मुतणं काढायचं," ते म्हणाले.

पुरुषमंडळी हसली. माझा नवराही थोडासा हसला. तो हसला ते मी अजून विसरलेले नाही आणि तोही मला विसरू देत नाही, कारण दर वर्षी एकदा तरी माफी मागतो.

मी विचारलं, "काका, हे जेवण, मुलं, इस्त्री, याचे एवढे पैसे होतात?"

"मग? इथे माणूस काय फुकट मिळतं?"

"मग गेली आठ वर्षं हे पैसे कुणाला मिळत होते?"

ते समजुतीने हसले. ते खर्चात धरत नाहीत, ते घरचंच असतं, असं काहीतरी म्हणाले. खुर्चीवर बसून चमच्याने आमटी मोजणाऱ्या माणसाला घरचं म्हणजे फुकट एवढंच माहीत होतं. त्यांच्या बेरजेत मी घरात होते तोवर शून्य होते, आणि दाराबाहेर पाऊल टाकताक्षणी महाग झाले होते. मला रडू यायला लागलं होतं, आणि यांच्यापुढे रडायचं नाही म्हणून मी प्लेटा गोळा करायला उठले.

तेवढ्यात काकूंनी माझ्या हातातल्या गठ्ठ्यातून एक कोरी प्लेट काढली. या बाईचा आवाज मी तोवर 'अजून वाढू का' यापलीकडे फारसा ऐकला नव्हता. त्यांनी ती काकांच्या पुढ्यात पालथी ठेवली.

"आता माझं मांडा," त्या म्हणाल्या.

काका हसले. काकू हसल्या नाहीत. बाकीच्यांना वाटलं गंमत आहे, आणि गंमत म्हणून का होईना, काका लिहायला लागले. सव्वीस वर्षांचा स्वयंपाक, दोन मुलं, कपडे. आकडा दिसला की त्यांचा हात आपोआप चालायचा. मग काकू म्हणाल्या, "आईंची तीन वर्षं राहिली."

काकांच्या आई अर्धांगाचा झटका येऊन तीन वर्षं त्यांच्याच घरी अंथरुणाला खिळून होत्या. आम्ही नवे आलो होतो तेव्हा मी त्यांना पाहिलं होतं. त्या खोलीत कधीही जा, चादर स्वच्छ असायची आणि वास नसायचा. ते कुणाच्या हातांनी, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलंसुद्धा नव्हतं. म्हणजे मीही काही फार शहाणी नव्हते.

काकांनी लिहिलं, 'आई, ३ वर्षं.' पुढे दर लिहायचा होता. दर शेजारच्या प्लेटवर होता, त्यांनीच गोल करून ठेवलेला. त्यांनी तिकडे पाहिलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "हे उद्या बघू." त्या दिवशी ते चहा न घेता गेले. जाताना काकूंनी दोन्ही प्लेटा पर्समध्ये घातल्या.

सोमवारी मी डिपॉझिट भरलं.

त्यानंतर काकांनी कुणाचीही प्लेट पालथी घातली नाही. काही जणांना चुकल्याचुकल्यासारखं झालं, मला नाही. मी दुसऱ्या वर्षाला असताना एकदा त्यांचा फोन आला. कशी आहेस वगैरे काही नाही. पुस्तकांचा खर्च धरला होता त्यापेक्षा जास्त होतोय का, एवढंच विचारलं. दुप्पट होतोय म्हटल्यावर "वाटलंच मला" म्हणाले आणि फोन ठेवला. याला आपुलकी म्हणायचं का, हे मी त्याच दिवशी नवऱ्याला विचारलं. त्याने विचारलं, खरंच दुप्पट होतोय का?

मी नर्स झाले. अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात काका ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने काढता काढता गेले.

दिवस झाल्यावर मी काकूंना भेटायला गेले. त्यांनी स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमधून ती प्लेट काढून माझ्यापुढे ठेवली. 'आई, ३ वर्षं'च्या पुढे वेगळ्या शाईत काकांचंच बारीक अक्षर होतं. दर नर्सचा. रोज आठ तास साधे. सोळा तास ओव्हरटाइम, दीडपट. गुणाकार नीट मांडला होता, बरोबरचं चिन्ह होतं आणि पुढे काहीच नव्हतं. दोन आकडी गुणाकार तोंडी करणारा तो माणूस.

"कधी लिहिलं, मला माहीत नाही," काकू म्हणाल्या. "तेवढं पुरं करून दे."

त्यांनी पर्समधून पेन काढून दिलं. मी गुणाकार केला. आकडा त्यांच्या घराच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेला. काकूंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"बरं झालं त्यांनी अर्ध्यावर सोडलं," त्या म्हणाल्या. "झोप लागली नसती त्यांना."

मला तो माणूस आजही आवडत नाही. पण ओव्हरटाइम त्याने दीडपट धरला होता, आणि तो धरायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एवढं कबूल करते.

काकूंनी प्लेट ड्रॉवरमध्ये परत ठेवली. पेनला टोपण लावलं आणि ते पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात खोचलं, मागितल्याबरोबर हाताला लागेल असं.