इम्रीबाईंचा अंगठा

इम्रीबाईंना सही करता येत नव्हती, पण माणसाच्या अंगातली दोनशे सहा हाडं त्या न अडखळता म्हणून दाखवत. सेंट अँड्र्यूज या विद्यापीठाच्या गावात बावीस वर्षं त्यांनी घरात विद्यार्थी ठेवले होते. डॉक्टरकीची पोरं चुलीपाशी बसून मोठ्यानं घोकायची आणि बाई बटाटे सोलता सोलता ऐकायच्या. एखादं हाड सुटलं की सुरी जागच्या जागी थांबायची. "टाचेचं कुठे गेलं? कुत्र्यानं नेलं?"

नवरा समुद्रात बुडून गेल्यावर बाईंनी बंदरावर बसून मासळी साफ केली होती, पुष्कळ वर्षं. त्यात त्यांचा उजवा अंगठा चपटा होऊन चमच्याएवढा झाला होता. हा अंगठा लक्षात ठेवा.

त्या वर्षी त्यांच्याकडे आम्ही दोघंच होतो. मी आर्ची पॅटुलो, पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, अंगानं भरलेला. दुसरा टॉर्क्विल मॅकॲस्किल, हॅरिस बेटावरचा, उभा केला तर झेंड्याची काठी. जिन्याखाली आमच्या दोन लाकडी पेट्या होत्या आणि त्यांत घरून आणलेला ओटचा भरडा. बाई सोमवारी आठवड्याची लापशी शिजवत आणि कपाटाच्या दोन खणांत ओतत, डावा खण माझा, उजवा त्याचा. थिजली की वड्या पाडायच्या आणि खिशात घालून वर्गात जायचं. ज्याचं पीठ त्याच्या वड्या.

टॉर्क्विलनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "पेटी संपली की मी घरी. कुणाच्या मेहेरबानीचं खायचं आमच्यात चालत नाही." ही नुसती बढाई नव्हती. त्याचा थोरला भाऊ असाच पेटी रिकामी झाली म्हणून मार्चमध्ये शिक्षण सोडून गेला होता आणि आता जाळी ओढत होता. टॉर्क्विलची परीक्षा एप्रिलमध्ये होती. फेब्रुवारीत आम्हाला भरड्याच्या सोमवारची सुट्टी असे, घरी जाऊन पेटी भरून आणायची म्हणून. पण हॅरिसला पोचायलाच तीन दिवस लागत. त्याला ऑक्टोबरची पेटी एप्रिलपर्यंत पुरवायची होती.

जानेवारीत मात्र तळ दिसायला लागला माझ्या पेटीचा. मी खातो, मान्य आहे, पण इतकं नाही. मग मी पीठ सारखं करून त्यावर अंगठ्याचे पाच ठसे उमटवले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पीठ दोन बोटं खाली आणि ठसे पाचच्या पाच जागेवर. फक्त एकेक ठसा चमच्याएवढा.

भरड्याच्या सोमवारी मी सगळ्यांदेखत स्टेशनकडे निघालो. टॉर्क्विल अभ्यासाला बाहेर पडलेला पाहिला आणि मागच्या दारानं परत आलो. बाई जिन्याखाली गुडघ्यांवर बसल्या होत्या. हातात माप होतं. माझ्या पेटीतून काढायच्या, त्याच्या पेटीत ओतायच्या.

"बाई, ही चोरी आहे!"

"चोरी कसली रे मेल्या? पीठ घराबाहेर गेलंय का?"

चोर तो चोर, वर शिरजोर! "मला विचारायचंत तरी."

"तुझ्या पोटात भरड्याशिवाय काही राहतं का? गावभर सांगत सुटला असतास. आणि त्याला कळलं तर तो उद्याच्या गाडीला बसेल. या घरातून एक मॅकॲस्किल गेला, तेव्हा मी गप्प बसले. दुसरा जाऊ देणार नाही. आता उभा काय राहिलास? दुपारची गाडी पकड आणि आईकडून दोन पोती आण."

आयजीच्या जिवावर बायजी उदार! मला राग आला आणि स्वतःची लाजही वाटली, कारण महिनाभर मी त्याच्यासमोर बसून चार-चार वड्या हाणत होतो. मी दोन पोती आणली. आई म्हणाली, "एवढं खातोस? डॉक्टरला दाखव." दोन्ही पोती माझ्याच पेटीत ओतली आणि बाईंचं माप रोजच्या रोज चालू राहिलं.

यानंतर टॉर्क्विलनं मला उपदेश सुरू केला. "आर्ची, लेका, पेटी राखायला शीक. सोमवारी भरलेली, आणि आज बघ! माझी ऑक्टोबरपासून चालली आहे. जिभेला लगाम पाहिजे." मी मान खाली घालून ऐकायचो. पाठीमागे बाई पदरात, म्हणजे ॲप्रनमध्ये, तोंड खुपसून खोकायच्या.

मार्चमध्ये गंमतच झाली. माझ्या पेटीतलं पीठ उतरायचं थांबलं. मी पुन्हा ठसे उमटवले. सकाळी पाहतो तर पाचही ठसे पेन्सिलीएवढे बारीक.

मी बाईंना बोलावलं. त्यांनी ठसे पाहिले आणि मटकन पायरीवर बसल्या.

"म्हणजे मी इकडून तिकडे ओततेय आणि तो शहाणा तिकडून इकडे! तरीच माझा कमरेचा चौथा मणका बोंबलतोय. परवा मला म्हणाला, 'आर्ची हावरट आहे पण मनाचा वाईट नाही. एप्रिलच्या आधी उपाशी मरेल बिचारा.'"

"मग आता?"

"आता काय? तो मूठभर देतोय, मी मापभर ओतेन."

मला हसू आवरेना, आणि डोळ्यांत पाणीही आलं. अर्धपोटी राहून हा प्राणी मला जगवत होता! मीही गप्प राहिलो आणि त्याचं पीठ खाल्लं. म्हणजे माझंच.

टॉर्क्विल पास झाला, मीही कसाबसा झालो. निघायच्या दिवशी त्यानं आपली पेटी उघडली. तळाशी वीतभर भरडा शिल्लक होता. माझ्याकडे एकदा विजयानं पाहून त्यानं तो सगळा एका स्वच्छ फडक्यात बांधला आणि गाठोडं बाईंपुढे धरलं.

"बाई, तुमच्यासाठी. माझ्या आईनं दळलेलं आहे. तुम्ही कुणाचं घेत नाही, ठाऊक आहे मला. पण हे घ्या."

बाईंनी दोन्ही हातांनी गाठोडं घेतलं, गाठ जरा सैल केली आणि तो चपटा अंगठा माझ्या बापाच्या गिरणीतल्या पिठात बुडवून तोंडात घातला.

"खरंच रे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हॅरिसच्या पिठाची चवच वेगळी."