गादीखालच्या दोनशे चौदा नोंदी

"नानाजी, सकाळी आल्यावर तुमी पयले काय करता, थे सांगा मले. एकेक करून."

"काय करतो म्हणजे? कुलूप खोलतो, झाडू मारतो, अगरबत्ती लावतो."

"अन् मशीन?"

"साहेबाची वरची पयले चालू करतो. मंग खाली येऊन गोदामातली. काहून वं गोपिका, माही चौकशी लावली का तू?"

"तुमची नाई गा. मशीनची लावली."

नानाजी चपराशी पाण्याची घागर घेऊन पुटपुटत निघून गेला. गोपिका जिन्यातच उभी राहिली. दुपारचे दोन वाजले होते, आणि चार वाजेपर्यंत तिला दोनशे चौदा नोंदी शोधून काढायच्या होत्या. नाही सापडल्या तर सोमवारपासून आवक-जावकचं टेबल, असं कृष्णकांत साहेबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं.

गोपिका उमरेडची, विणकर रुपरावची पोरगी. धागा तुटला की त्याचं टोक सापडेपर्यंत बाप जेवायला उठत नसे. पोरगी त्याच वळणाची. मॅट्रिक झाली, टायपिंग शिकली, हुडकेश्वरला खोली घेतली आणि धंतोलीतल्या या ऑफिसात लागली. कोळशासाठी जमिनीत बोअर मारायचे आणि किती फुटांवर काय लागलं ते लिहून ठेवायचं, हा तिथला धंदा. एकोणनव्वद साली तिथे दोन युनिक्स मशिनी, म्हणजे कॉम्प्युटर, आल्या. मोठी खाली गोदामात, लहान वर साहेबांच्या खोलीत, आणि मधे एक जाड काळी तार. बाकीच्यांच्या टेबलांवरचे टर्मिनल, म्हणजे नुसते पडदे आणि कळफलक, वरच्या मशीनलाच जोडलेले. सगळ्या नोंदी खालच्या मशीनच्या पोटात. वरच्या मशीनमध्ये एक रिकामी डिरेक्टरी, म्हणजे नोंदी ठेवायचा कप्पा, केलेली होती. मशीन सुरू होताना तिच्यावर खालची डिरेक्टरी चढवली जाई, आणि मग खालचं सगळं वर दिसू लागे. याला माउंट करणं म्हणतात. पुण्याहून आलेल्या इंजिनियरने हे गोपिकेला वहीत लिहून दिलं होतं आणि मशीनचा पासवर्डही तिलाच दिला होता. साहेबांना ती कटकट नको होती.

आधी मशिनी रात्रंदिवस चालू असत; याच आठवड्यापासून त्या रात्री बंद करायचं ठरलं होतं. मंगळवारी-बुधवारी तिने वर बसून नव्या जागेच्या नोंदी भरल्या. काम नवं, तेव्हा डिरेक्टरी रिकामी दिसली त्याचं तिला काहीच वाटलं नाही. आज, गुरुवारी, सकाळी लाइट गेली. परत आली तेव्हा नानाजी खालीच होता, म्हणून त्याने आधी खालची मशीन लावली. वर पाहावं तर जुन्या सगळ्या नोंदी हजर, आणि नव्या एकही नाही. "बाईनं पुसल्या," असं टेबलाटेबलावर झालं.

आता जिन्यात उभ्या उभ्या तिला उलगडलं. सकाळी वरची मशीन आधी उठते, खालच्याला हाका मारते, खालची तर झोपलेलीच. मग चढवणार काय? दोन दिवस आपण लिहिलं ते वरच्याच रिकाम्या डिरेक्टरीत, उघड्या खाटेवर. आज खालची डिरेक्टरी चढली, म्हणजे खाटेवर गादी पडली, आणि नोंदी तिच्याखाली झाकल्या गेल्या.

ती वर गेली. साहेब मशीनसमोर बसलेले.

"साहेब, उठा."

"म्हणजे?"

"तुम्ही डिरेक्टरीत बसून आहात. आत कोणी असलं की मशीन ती उतरवू देत नाही. उठा, पाच मिनिटं."

"आणखी काही पुसलंत तर?"

"उतरवणं म्हणजे पुसणं नव्हे. खालचं खालीच राहते."

"आणि नाहीच सापडलं तर, गोपिकाबाई?"

"तर सोमवारची वाट कायले पाहता? आजच जातो मी आवकवर."

साहेब उठले. बाकीचे दारात येऊन उभे राहिले. गोपिकेने डिरेक्टरी उतरवायची वहीतली ओळ टाइप केली. मशीनने नकार दिला, कोणीतरी अजून आत होतं.

"प्रमोदिनीताई, तुमच्या टर्मिनलवर काय उघडं आहे?"

दारात उभ्या टायपिस्ट प्रमोदिनीने जीभ चावली आणि आपल्या टेबलाकडे धावत जाऊन आपलं काम बंद केलं. गोपिकेने तीच ओळ पुन्हा मारली. या वेळी मशीनने डिरेक्टरी उतरवू दिली. तिने यादी मागितली. हिरवी अक्षरं भराभर खाली उतरत गेली. दोनशे चौदा.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बरं," एवढंच म्हणाले.

तिने सगळ्या नोंदी वेगळ्या जागी हलवून ठेवल्या, खालची डिरेक्टरी पुन्हा चढवली, त्यात त्या नेऊन टाकल्या आणि मोजल्या. मग दारातल्या नानाजीला म्हणाली, "उद्यापासून गोदामातली पयले. थे पूर्ण चालू झाली की मंग वरची."

"साहेबाच्या आधी गोदाम? बरं दिसते का वं थे?"

"मशीनले साहेब कोण अन् गोदाम काय, समजत नाई गा."

साहेब खिडकीकडे वळले. नानाजीने मान हलवली, पटल्यासारखी नाही.

गोपिकेने खुर्ची पुढे ओढली. साइटवरून आलेले एकसष्ट कागद अजून टेबलावर पडून होते. तिने वरचा उचलला, बोअरचा नंबर पाहिला आणि टाइप करायला घेतलं: शून्य ते बारा फूट, काळी माती.