ॲशबी गावात कोणाला विचारायचं?

लग्नानंतर शारजाला निघाले तेव्हा वडील रत्नागिरीच्या स्टँडपर्यंत आले होते. एवढंच म्हणाले, "घाबरू नकोस. चौकशी केलीय." नवरा नेवरेकर, म्हणजे आडनावातच गाव. वडील लग्नाआधी नेवऱ्याला जाऊन न्हाव्याकडे दाढीला बसले आणि सगळं काढून आले. काका पितो, मुलगा पीत नाही, सासू फटकळ. सगळं खरं निघालं.

पुढचं आयुष्य शारजाच्या रोल्ला भागात गेलं. शाळा चौथीपर्यंत, तरी हिंदी आली, अरबीतलं यल्ला-खलास आलं. नवरा गेला तेव्हाही मी घाबरले नाही. आता मात्र घाबरतेय.

नात मुग्धा दुबई मरीनाला ऑफिसात होती. तिथल्याच एका इंग्रजाशी तिने लग्न ठरवलं. लग्न करून इंग्लंडला जायचं. मी आधी आडनाव विचारलं. डॅनियल ॲशबी. म्हणजे काय? ती हसली, मग फोनमध्ये बघून सांगू लागली. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर शिंपी, कूपर लाकडी पिंपं करणारा. जॉन्सन म्हणजे जॉनचा मुलगा. हिलवाले टेकडीजवळचे. आणि शेवटी 'बी' असलं की बहुतेक गाव. ॲश नावाची झाडं होती ते ॲशबी.

मला हायसं वाटलं. माझ्या मुलाला सांगितलं, लंडनच्या तुझ्या मित्राला ॲशबीला पाठव, चार घरी विचारून येऊ दे. तो म्हणाला, "आई, काहीतरीच काय." मुग्धा म्हणाली, "आजी, नोबडी नोज देम देअर." त्या नावाची गावं बरीच आहेत. याचे पूर्वज त्यातल्या कुठल्या गावातून कधी उठले, ते त्याच्या बापालाही ठाऊक नाही. तिकडे स्मिथ लोखंडाला हात लावत नाहीत आणि ॲशबी ॲशबीत राहत नाहीत. अशा माणसाबद्दल विचारायचं कोणाला?

डॅनियल घरी आला तेव्हा तोंडावर सांगितलं, तुझी चौकशी करता येत नाही, म्हणून भीती वाटते. मुग्धाने त्याला इंग्रजीत सांगितलं. तो रागावला नाही. उलट विचारलं, नेवऱ्यात तुमच्याबद्दल मी कोणाला विचारू?

तिथलं घर विकलं, दीर वारले. आज मी गेले तर मलाच विचारतील, कोण तुम्ही? शेवटी म्हटलं, इथे शेजारच्या सकीनाला विचार. ती सगळं सांगेल, वाईटसुद्धा.

"मग तुम्ही माझ्या बिल्डिंगच्या वॉचमनला विचारा," तो म्हणाला.

गेले मी. माझा मुलगा लाजून गाडीतच बसून राहिला. वॉचमन केरळचा, हिंदी बोलणारा. म्हणाला, अम्मा, सुट्टीच्या दिवशी पितो, पण दंगा नाही. लिफ्ट बंद पडली तेव्हा वरच्या म्हातारीचं सामान त्यानेच चढवलं. माणूस बरा म्हणायचा.

परत येताना दुसरीच भीती मनात आली. त्याचं कळलं. तिकडे गेल्यावर मुग्धाचं मला कोण सांगणार?

तुम्ही गावात राहिलेले लोक विचारता, आता तुझं घर कुठलं. आपलं दार दिवसभर उघडलं नाही तर कोणीतरी येऊन वाजवतं, तेच घर. माझं ते रोल्लात आहे, सकीनामुळे. मुग्धाला बजावलं, तिकडे पोचलीस की आधी शेजारणीला नाव सांग, आणि तिचा नंबर मला दे.

"शी विल थिंक आय ॲम मॅड, आजी."

"वाटू दे. नंबर दे."

ते इंग्लंडला गेले. तिचे फोन येतात, सगळं ठीक आहे म्हणते. शेजारणीचा नंबर अजून आलेला नाही.