चिंबोरीची हजेरी

आमच्या गुरुजींना जगातली कुठलीही गोष्ट कार्टून झाल्याशिवाय खरी वाटत नसे. पनवेलच्या खाडीकाठी आमची दोन शिक्षकांची शाळा. पहिली-दुसरी त्यांची, तिसरी-चौथी माझी. बाकावर टीव्ही मांडून ते स्वतः बनवलेले व्हिडिओ दाखवत आणि सगळी पात्रं त्यांच्याच आवाजात बोलत. बेरजेचा बगळा, मुळाक्षरांची म्हैस, सगळ्यांना एकच सर्दी. लाडकी मात्र चिंबोरी, म्हणजे खाडीतला खेकडा. पहिल्या व्हिडिओत त्यांनी तिला आठच पाय काढले, तर कोळ्यांची पोरं खवळली, "नांग्या धरून धा असतात, गुरुजी! दोन कुनी खाल्ले?" गुरुजी ओशाळले. बाजारातून जिवंत चिंबोरी आणून रविवारभर तिचं चित्र काढत बसले. सहाव्या पायापर्यंत आले आणि वहिनींनी तिचं कालवण केलं. "उरलेले पाय ताटात मोजले," असं ते मला गंभीरपणे सांगत.

पुढे चिंबोरी हजेरीही घेऊ लागली, ती जुईमुळे. पहिलीतली ही मुलगी घरी अखंड बडबडायची म्हणे, पण शाळेत चार महिने अवाक्षर नाही. गुरुजींच्या जिवाला घोर लागला होता. एकदा चिंबोरी बघून ती खुदकन हसली, तेवढ्यावर या गृहस्थांनी चिंबोरीच्या तोंडून अख्ख्या वर्गाची हजेरी रेकॉर्ड केली. जुईचं नाव घेतल्यावर चिंबोरी पुरं एक मिनिट नांग्या हलवत थांबे. तपासणीला आलेले साहेबसुद्धा ते मिनिट श्वास रोखून उभे राहिले. जुई गप्पच.

एके दिवशी ऐन हजेरीला वीज गेली. जुईचा चेहरा पडला. तशी पन्नाशीचे गुरुजी टीव्हीमागे उकिडवे बसले आणि चिंबोरीच्या आवाजात म्हणाले, "जुई?" मी दारातून बघत होते. मिनिट संपलं तरी ते उठेनात. गुडघे धरले असावेत. आणि जुई बोलली.

"गुरुजी, तुमी भायेर या. पाय दिसतात तुमचे."

गुरुजी बाहेर आले ते डोळे पुसतच. "सापडलो," एवढंच म्हणाले.

यंदा त्यांची बदली झाली. त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही, चारही वर्ग मीच बघते, आणि मला त्यांची रोज आठवण येते. हजेरीला मी त्यांचाच व्हिडिओ लावते, त्यात चिंबोरी जुनीच नावं घेते. नवी पोरं प्रत्येक नावाला "हजर" म्हणून ओरडतात. जुई आता तिसरीत आहे, तिला गप्प बसवताना माझा घसा बसतो. पण चिंबोरीने तिचं नाव घेतलं की ती मुकाट्याने उठते आणि टीव्हीच्या बाकाखाली वाकून बघते.

मग जागेवर जाऊन बसते. "हजर" काही म्हणत नाही.