पाइकच्या तोंडातला चमचा

"पक्कड दाखव."

काकांचा शनिवार या वाक्याने सुरू व्हायचा. 'कशी आहेस' वगैरे काही नाही. गाडीपाशी उभे राहून हात पुढे करायचे आणि लांब तोंडाची पक्कड तळहातावर पडली तरच डिकी उघडायचे. पाइक माशाच्या तोंडात दात असतात. बोटांनी गळ काढायला गेलं तर बोटं फाटतात आणि मासाही मरतो. "सोडता येत नसेल तर पकडायचा नाही," हे त्यांचं दुसरं वाक्य. पहिल्या शनिवारी मी पक्कड नेली नव्हती, तर मला पार्किंग लॉटमध्ये तशीच ठेवून ते निघून गेले.

काका मूळचे नागपूरचे, अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावात युनिव्हर्सिटीच्या वर्कशॉपमध्ये काम करायचे. मी सांगलीहून पीएचडीला आलेली. माझ्या प्रयोगाचा एक भाग तिसऱ्यांदा तुटला तेव्हा मी रडकुंडीला येऊन त्यांच्या टेबलापाशी उभी राहिले. त्यांनी तुकडे हातात फिरवून पाहिले आणि विचारलं, "शनिवारी काय करतेस?" तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो धीर देण्याऐवजी काम देतो. काकांनी मला मासेमारीचं लायसन्स काढायला लावलं.

पाइक म्हणजे गोड्या पाण्यातला लांबट, हिरवा मासा, बदकासारख्या चपट्या तोंडाचा. पाणगवतात दबा धरून बसतो. काका जिवंत आमिष कधी वापरत नसत, चमचा लावायचे. या खोट्या आमिषाला दुकानातही स्पूनच म्हणतात, पण काकांचे चमचे खरोखरच घरातले होते. दांडा कापायचा, वाटीच्या दोन्ही टोकांना भोक पाडायचं, मागे गळ अडकवायचा आणि गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा दाबून सपाट करायचा, म्हणजे गळ चटकन निघतो.

चमचे काकूंच्या लग्नातले, स्टीलचे. पाठीवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं : सौ. सुनंदा.

"बारा होते," काकू सांगायच्या. त्या मोजे चढवून, थर्मास घेऊन काठावर घडीच्या खुर्चीत बसायच्या. "पाहुण्यांना श्रीखंडाबरोबर प्लॅस्टिकचे चमचे देते मी आता. अमेरिकेत चमचे मिळत नाहीत का हो?"

"नाव नसलं तर चावत नाही तो," काका म्हणायचे. "इथल्या पाइकला मराठी वाचता येतं."

मी चमचा पाण्यात टाकायचे आणि भराभरा रीळ फिरवायचे. "काहून पळतेस? कोणी मागे लागलंय का? दोन फेरे दे आणि थांब. तू थांबलीस की तो येतो." चौथ्या शनिवारी मी खरंच थांबले आणि हिसका बसला. काकांनी मासा पाण्याबाहेरही काढला नाही. पकडीने गळ धरून एक पीळ दिला, की तो सुटला. टाळ्या काकूंनी वाजवल्या.

त्या हिवाळ्यात काकू गेल्या. न्यूमोनियाने, चार दिवसांत.

काकांनी तळ्याचं नाव काढणंच सोडलं. पुढच्या ऑक्टोबरमध्ये मीच त्यांना ओढून नेलं. त्यांच्या डब्यात काकूंच्या नावाचा एकच चमचा उरला होता. बाकीचे बुडालेल्या ओंडक्यांत अडकून कधीच गेले होते. "घरातही नाही आता. शेवटचा आहे," ते म्हणाले. "तू टाक. माझा हात चालायचा नाही."

पाइकचे दात दोरी कापतात, म्हणून चमच्याच्या आधी वीतभर पोलादी तार लावायची असते. हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण बोटं गारठली होती, काका काठावर मांडलेल्या काकूंच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते, आणि मी चमचा सरळ दोरीला बांधला. तिसऱ्या खेपेला जोरात हिसका बसला. मग दोरी हलकी झाली. ओढून पाहिली तर टोक ब्लेडने कापल्यासारखं.

"तार?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"काटा दाबलेला होता ना?"

"तुम्हीच दाबला होता."

"मग निघेल. दोन-चार दिवसांत झटकून टाकेल तो." आधी माशाची काळजी. मग ते काकूंच्या खुर्चीत बसले. मी रडत होते. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

"काहून रडतेस पोरी?" ते म्हणाले. "बाकीचे सगळे मीच घालवले ना."

मग दुकानातला एक चमचा काढून, त्याला तार लावून दाखव म्हणाले. मी लावली. त्यांनी ओढून पाहिली. पण त्या दिवशी पुन्हा काही पाण्यात टाकलं नाही.

यंदा ते निवृत्त झाले आणि टेक्सासमधल्या शुगर लँडला मुलीकडे राहायला निघाले. स्वयंपाकघर आवरायला मी गेले होते. साबुदाण्याचा डबा उचलला तर आत काहीतरी वाजलं. हात घातला. अख्खा चमचा, दांड्यासकट. सौ. सुनंदा.

काकांनी जन्मात कधी उपास केला नव्हता. हा डबा ते उघडणार नाहीत, हे काकूंना पक्कं माहीत होतं.

"काका, चमचा!" मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी हात पुढे केला, पक्कड मागायचे तसाच. नावावरून अंगठा फिरवला. मोठ्याने हसले आणि हसताहसता डोळे पुसले. मग चमचा साबुदाण्यात खोल खुपसून झाकण घट्ट लावलं.

"अहो काका, घ्या की तो!"

"तिनं माझ्यापासून लपवलाय," ते म्हणाले. "मला सापडलाच नाही."

टेक्सासपर्यंत दोन दिवसांचा ड्राइव्ह होता. सामान डिकीत भरलं. घडीची खुर्ची त्यांनी माझ्यासाठी ठेवली. साबुदाण्याचा डबा मात्र पुढे, काकू बसायच्या त्या सीटवर ठेवला आणि त्याला पट्टा लावला.