खोडलेल्या शब्दाखालचे ठिपके

छापखान्यात तिला सगळे पेन्सिलबाई म्हणत. तोंडावर मात्र नाही, तेवढी हिंमत मालकांचीही नव्हती. तीस वर्षं ती माडीवरच्या खोलीत बसून प्रुफं तपासत आली होती, आणि तिची एक खोड होती. पुस्तक ती शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे वाचायची, आणि पानावरही तळच्या ओळीपासून वर. सरळ वाचलं की माणूस गोष्टीत गुंततो आणि चुका डोळ्यांदेखत निसटतात, असं तिचं म्हणणं. शेकडो कादंबऱ्या तिने हातावेगळ्या केल्या होत्या, पण त्यातल्या एकीचीही गोष्ट तिला धड सांगता आली नसती.

आता पुढ्यात होती लेकीची कादंबरी. पहिलीवहिली. लेक लहानपणी याच टेबलाखाली बसून प्रुफाच्या खुणा शिकली होती. त्यातली एक तिची फार लाडकी. चुकून खोडलेल्या शब्दाखाली ठिपके द्यायचे, म्हणजे शब्द होता तसा राहतो. शाळेत शिक्षकांनी खोडलेल्या उत्तरांखालीही ही कार्टी ठिपके देऊन यायची आणि मार खायची. आता मोठी लेखिका झाली, वेगळं घर केलं, तरी फोनवर बजावणं चुकलं नाही.

"आई, तू फक्त अक्षरं बघ हं. गोष्टीत शिरू नकोस."

"मी कधी शिरते गं?"

शिरायचं नाही म्हटलं तरी पोटच्या पोरीने लिहिलेलं! उलटं वाचलं म्हणून कादंबरीतली आई थोडीच लपणार होती? दर दहा पानांनी ती समोर यायची. तापट, फटकळ, अभ्यास चुकला की वही भिरकावणारी, पाहुण्यांसमोर साखर आणि ते उंबऱ्याबाहेर पडले की धुसफुस. बाईने स्वतःला लगेच ओळखलं. झोंबलंही चांगलंच. पण त्यात खोटं काही नव्हतं, आणि पोरीने लिहिलं होतं झकास. एका ठिकाणी तर स्वतःच्याच बदनामीत राहून गेलेला स्वल्पविराम तिने इमानेइतबारे घातला आणि एकटीच हसली.

सातव्या प्रकरणात ते हसू मावळलं. तिथे एक साधं वाक्य होतं. 'मी सहा वर्षांची असताना आई तीन दिवस दवाखान्यात होती.'

बाई उठली. खिडकी उघडली, पुन्हा लावली. टोकदार पेन्सिलीला टोक काढायला घेतलं, तर होतं तेही मोडलं. जिना उतरून पाणी पिऊन आली. पाण्याचा तांब्या तर खोलीतच होता. खाली यंत्राची धडधड चालू होती आणि तिच्या पायांना काही केल्या एका जागी राहवत नव्हतं. प्रुफं संध्याकाळी लेकीकडे जाणार, उद्या दुपारी छपाई. एकदा छापलं की छापलं.

दवाखान्यात ती नव्हतीच. नवरा फिरतीवर होता, तेव्हा एका सकाळी तिने पोरीला शेजारणीच्या हवाली केलं, "दुपारपर्यंत येते," म्हणाली आणि गाडीत बसून परगावी निघून गेली. कायमचं जायचं ठरवूनच. तिथे एक खोली घेतली, एका छापखान्यात कामही मिळवलं. त्या खोलीत तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी गाढ झोप लागली. तीन दिवसांत पोरीची आठवण एकदाही आली नाही. चौथ्या दिवशी हे तिच्या लक्षात आलं आणि ती इतकी घाबरली की मिळेल त्या गाडीने परतली. लोक म्हणतील आईची माया. माया कसली, स्वतःचीच धास्ती! शेजारणीने पोरीला दवाखान्याचं सांगून वेळ मारून नेली होती. बाईने ते कधीच खोडून काढलं नाही.

तापट म्हटलेलं तिने सोसलं होतं. पण इथे पोरीने तिला नकळत माफ करून टाकलं होतं, आणि हे फुकटचं माफ होणं तिला सोसेना. उद्या शंभर माणसं ते वाचून 'बिच्चारी' म्हणतील, या विचारानेच ती अर्धी झाली.

लेखकाच्या मजकुराला हात लावायचा नाही, हा तिचा तीस वर्षांचा नेम. तो तिने मोडला. लाल पेन्सिलीने 'दवाखान्यात' हा शब्द खोडला आणि समासात लिहिलं, 'नव्हते. तुला सोडून गेले होते.' मग पान गठ्ठ्यात सारलं आणि विचार बदलायच्या आत गठ्ठा मालकांच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून तिचं जिन्यावर खाली-वर चाललं होतं. फोन वाजला की ती धावत जायची. दर वेळी तो शाईवाल्याचा निघायचा. अखेर अकराला गठ्ठा परत आला. तिने आयुष्यात पहिल्यांदा प्रुफाची पानं धसमुसळेपणाने उलटली.

खोडलेल्या शब्दाखाली ओळीने ठिपके होते. समासात, तिच्या अक्षरांखाली, लेकीचं बारीक अक्षर होतं.

'माहीत आहे. भर उन्हाळ्यात खुंटीवरून तुझा लोकरीचा कोटही गेला होता. तीन दिवस मी त्या रिकाम्या खुंटीकडे बघत होते. चौथ्या दिवशी तो परत लागला, तेव्हाच ठरवलं की तू दवाखान्यात होतीस. राहू दे.'

बाईने ते दोनदा वाचलं. तो कोट खुंटीला लावताना पोर दारात उभी होती, हे तिला आत्ता आठवलं. काही न विचारता उभी होती. बाईला हमसून रडू आलं.

"बाई, सातवं प्रकरण सोडू का छपाईला?" मालकांनी खालून हाक मारली.

"सोडा," ती म्हणाली. "आहे तसंच सोडा."

मग तिने पेन्सिल खणात टाकली, गठ्ठ्यातून पहिलं पान काढलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.