राजापेठेतलं फुकट पुस्तक मंडळ

लोकांच्या मोबाइलमध्ये गुड मॉर्निंगची फुलं साचतात, माझ्या मोबाइलमध्ये जुनी पुस्तकं. आणि एकेका पुस्तकामागं दोन-दोन किस्से! पुस्तकं डिलीट तरी करता येतात, किस्से कुठं टाकावे? मग सांगावेच लागतात. ऐका.

अमरावतीच्या राजापेठेत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. रविवारी सकाळी ट्यूशनची गर्दी नसते, तेव्हा तिथं आमचं मंडळ बसतं. इंटरनेटवर इतिहास, संस्कृती, समाज या विषयांची फुकट पुस्तकं शोधायची आणि सापडेल त्यातली चार पानं मोठ्यानं वाचून दाखवायची, एवढंच काम.

मेंबर चार. एक मी. दुसऱ्या सुधाताई, भातकुलीच्या. घरची फुलशेती, झेंडू विकून झाला की थेट इकडं. तिसरे ढोरे सर, अकोल्याचे, इतिहासाचे रिटायर प्राध्यापक. सकाळच्या गाडीनं येतात आणि आल्याआल्या आमच्या चुका काढतात. चौथे गजभिये काका, सरकारी नोकरीतून रिटायर.

काकांना मात्र एकच पुस्तक हवं होतं. त्यांच्या वडिलांनी नांदगाव खंडेश्वरकडच्या आपल्या गावावर एक छोटं पुस्तक लिहून छापलं होतं. घरातली प्रत वाळवीनं खाल्ली. आई नव्वदीची, नजर गेलेली. "तिचे कान चालू हायेत तवरक मले तिले ते वाचून दाखवाचं हाय," काका पहिल्याच दिवशी म्हणाले. त्यावर आम्हाला कोणालाच थट्टा सुचली नाही.

*

बाकी थट्टेला तोटा नव्हता. सुधाताईंना एकदा 'संपूर्ण मोफत' असं लिहिलेली साइट सापडली. बटण दाबलं, तर समोर क्रेडिट कार्डाचा नंबर भरायची चौकट!

ताई भडकल्या. "फुकट हाय तं कार्ड कायले मांगता? आमी पुडीत दोन फुलं वरून टाकतो, तवा गिऱ्हाइकाले आधार कार्ड मांगतो काय?"

तेव्हापासून मंडळाचा नियमच झाला. कार्ड मागितलं की उठायचं.

*

ढोरे सरांना मुलीनं टॅबलेट दिला. सर वाचायला बसले आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं बोट जिभेला लावून पान उलटायला लागले. ओल्या बोटानं पान कधी दोन पुढं जाई, कधी जागचं हलेना. सर म्हणाले, "कंपनी भंगार आहे."

सुधाताई शांतपणे म्हणाल्या, "कंपनी चांगली हाय सर, तुमीच तिले उष्टं करून राहिले!"

सरांनी त्या दिवशी आमची एकही चूक काढली नाही.

*

काकांना एक स्कॅन असं मिळालं की सगळी पानं उलटी. काकांनी मोबाइल उलटा केला, तर पानही फिरून पुन्हा उलटं! संध्याकाळपर्यंत हाच खेळ. शेवटी मी फोन करून सांगायला लागलो की काका, सेटिंगमध्ये जा, स्क्रीन फिरणं बंद करा.

"राहू दे बापू," काका म्हणाले, "मी खाटेवर पायथ्याकून डोकं लोंबकळत सोडलं, आता मस्त दिसून राहिलं."

*

एका इंग्रज साहेबाचा जुना रिपोर्ट सापडला. त्यात भातकुलीकडच्या विहिरींचं पाणी खारं आहे, असं अर्धं पानभर लिहिलेलं. सर वाचत होते, मान डोलावत होते, "काय निरीक्षण! काय अभ्यास!"

सुधाताईंच्या घरी पिण्याच्या पाण्यावरून जन्म गेलेला. त्या म्हणाल्या, "येवढं समजलं होतं तं लिहत काहून बसला? गोड पाण्याची सोय करून जाचं ना!"

*

मंडळात चोरीची पीडीएफ चालत नाही. लेखक जाऊन साठ वर्षं झाली पाहिजेत, नाहीतर त्याची परवानगी पाहिजे. हा सरांचा कायदा. त्यामुळं आमच्यासारखे विचित्र लोक सगळ्या अमरावतीत नसतील. कोणतंही चांगलं पुस्तक दिसलं की पहिला प्रश्न, "लेखक जिता हाय काय?" आणि हो म्हटलं की सगळ्यांचे चेहरे पडतात!

एकदा वऱ्हाडातल्या जुन्या बाजारांवरचं एक पुस्तक निघालं. मी चौकशी करून सांगितलं, "जिवंत आहेत, इथंच राहतात."

"अरे देवा! हे बी जिते हायेत!" सुधाताई हळहळल्या.

काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ आधार कार्डाची झेरॉक्स काढायला उभे होते. ते वळून म्हणाले, "बाई, माह्या मराची वाट नका पाहू. पुढच्या रविवारी पेनड्राइव्हमंदी आणून देतो."

दिलं बरं का त्यांनी! वर सुधाताईंकडून चहा घेतला.

*

काकांचं पुस्तक मात्र सापडेना. इतिहासात पाहिलं, समाजात पाहिलं, संस्कृतीत पाहिलं. तिकडं गावी आईला ऐकू येणं कमी होत चाललेलं. काका रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन शोधत बसायला लागले, ते बघवत नसे.

आणि एक दिवस झेंडूच्या रोगावर काही मिळतं का म्हणून सुधाताई शेतीच्या यादीत शिरल्या, तर पुस्तक तिथं! मुखपृष्ठावर बैलजोडी होती. यादी करणाऱ्यानं ती पाहिली आणि टाकलं शेतीत.

सरांनी लगेच विचारलं, "हक्क कोणाकडे?"

"माह्याकडं!" काका ओरडले आणि रडायलाच लागले.

त्याच दुपारी आम्ही चौघं गावी गेलो. आई खाटेवर. काका कानाशी बसून मोठ्यानं वाचायला लागले. दोन पानं झाली आणि काकांच्या आधी आईच पुढचं वाक्य म्हणायला लागली.

"आई, तुले पाठ हाय?"

"पाठ कायचं? मीच सांगतलं सारं. तुहा बाप नुसता लिहत होता."

पुस्तक संपत आलं. शेवटचं पान आभाराचं. मी आणि ढोरे सर काकांच्या खांद्यावरून वाचत होतो. पोलीस पाटलांचे आभार होते, हेडमास्तरांचे होते, छापखानेवाल्याचे होते. बस! ढोरे सरांचा चेहरा रागानं लाल झाला.

काकांनी पानावरून नजर काढली. मग आवाज चढवून म्हणाले, "आणि ही सारी माहिती माझी पत्नी गिरिजा हिनं सांगितली, तिचा मी जन्माचा ऋणी आहे."

"खोटं वाचू नको," आई म्हणाली. "माहं नाव नाई त्याच्यात. मीच टाकू देल्लं नाई."

"काहून?" सरांच्या तोंडून वऱ्हाडी निघाली.

"साऱ्या गावाच्या भानगडी सांगतल्या ना मी त्याच्यात! तुहा बाप लिहून मोकळा. दुसऱ्या दिवशी विहिरीवर त्याच बायांत पाणी भराले मलेच जा लागे!"